शंका-समाधान : सहा महिन्यांत झिजलेला खुबा

मागच्या काही अंकांत गुडघेदुखीवर बरंच लिहून झालं. या वेळी खुब्याची पत्रं घेतली आहेत. या पत्रांत एक गोष्ट सारखी आहे. दुखणं जुनं नाही, पण वाढलंय फार वेगानं. वयोमानानं होणारी खुब्याची झीज वर्षानुवर्षं चालते, ती माणसाला एका हंगामात खाटेवर आणत नाही. म्हणून जे दुखणं महिन्यामहिन्यानं वाढतंय त्याला 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नये. त्यामागे काहीतरी कारण असतं आणि ते वेळेत शोधलं तर उपाय सोपे राहतात. पत्रलेखकांची नावं गाळली आहेत, तालुके तेवढे ठेवले आहेत.

माझी आई ६७ वर्षांची आहे. मागच्या दिवाळीत ती कापूस वेचायला रानात जात होती. संक्रांतीनंतर उजव्या जांघेत दुखायला लागलं. तेव्हा एक्स-रे काढून 'थोडी झीज आहे' असं सांगितलं, गोळ्या दिल्या. आता आषाढ लागला तर ती काठीशिवाय मोरीपर्यंत जाऊ शकत नाही. नवा एक्स-रे बघून डॉक्टर म्हणतात, खुबा संपला, बदलावा लागेल. पाच-सहा महिन्यांत सांधा संपतो का? का पहिल्या वेळी निदान चुकलं? (ता. भोकरदन)

ताई, तुम्ही दोन्ही एक्स-रेंचे फोटो तारखांसह पाठवलेत, हे फार चांगलं केलंत. संक्रांतीच्या फिल्ममध्ये मांडीच्या हाडाचा गोळा गोल दिसतो. गोळा आणि वाटी यांच्यामध्ये जी काळी पट्टी दिसते ती कूर्चेची जागा. ती वरच्या बाजूला जराशी अरुंद झालेली आहे. म्हणजे 'थोडी झीज' हे त्या दिवशीचं निदान बरोबरच होतं. आषाढातल्या फिल्ममध्ये ती पट्टी उरलेली नाही. गोळ्याचं डोकं चपटं झालंय, तो वर आणि बाहेर सरकलाय, वाटीची वरची कड खाल्ली गेलीय. नेहमीच्या झिजेत सांध्याच्या कडेला हाडाचे काटे वाढतात, ते इथे जवळजवळ नाहीत. शरीराला ते तयार करायला वेळच मिळालेला नाही.

तर हो, सहा महिन्यांत सांधा संपू शकतो. याला रॅपिडली डिस्ट्रक्टिव्ह आर्थ्रायटिस म्हणतात. पोस्टेल आणि केर्बूल या फ्रेंच शल्यविशारदांनी १९७० मध्ये अशा रुग्णांवर लिहिलं, आणि त्याच सुमारास ल्यकेन यांनी मोजमाप ठरवलं. वर्षभरात सांध्यातली जागा २ मिलिमीटरहून जास्त, किंवा निम्म्याहून जास्त कमी झाली तर तो हा प्रकार. मुळात ती जागाच साधारण ४ मिलिमीटरची असते, आणि साध्या झिजेत ती वर्षाला मिलिमीटरच्या काही अंशानंच घटते. हा आजार बहुतेक वेळा एकाच बाजूला होतो आणि साठीपुढच्या बायकांत जास्त आढळतो. नेमकं कारण प्रत्येकात सापडत नाही. बऱ्याच जणींत हाड आधीच ठिसूळ झालेलं असतं, कूर्चेच्या लगेच खाली त्याला बारीक तडा जातो, आणि त्यावर रोजचं वजन पडत राहिलं की गोळा खचत जातो.

पण शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी एक प्रश्न सुटला पाहिजे, आणि तुमच्या पत्रात त्याचं उत्तर नाही. हा जंतुसंसर्ग किंवा क्षय तर नाही ना? आपल्या भागात खुब्याचा क्षय अजून दिसतो, आणि तोही सांधा अशाच वेगानं खातो. संध्याकाळी बारीक ताप येतो का, वजन उतरलंय का, भूक गेलीय का, झोपेत कूस बदलताना कळ येऊन जाग येते का, हे आईला विचारा. रक्ताचा ईएसआर आणि सीआरपी तपासून घ्या. हे आकडे चढे असतील तर सोनोग्राफीत बघत सुईनं सांध्यातलं पाणी काढून तपासायला पाठवतात, त्यात क्षयाची सीबीनॅट तपासणीही होते. क्षय निघाला तर आधी औषधं, आणि ती पूर्ण मुदतीची. संसर्ग असलेल्या खुब्यात धातूचा सांधा बसवला तर तो काढावा लागतो आणि रुग्ण आधीपेक्षा वाईट अवस्थेत जातो. या एका तपासणीसाठी आठ-दहा दिवस गेले तरी चालतील.

तपासण्या स्वच्छ आल्या तर मात्र 'दिवाळीनंतर बघू' म्हणू नका. साध्या झिजेत मी लोकांना नेहमी सांगतो की घाई नाही, व्यायाम करा, वजन कमी करा, काठी धरा, जमेल तितकं ढकला. इथे तो सल्ला चालत नाही, कारण गोळ्याबरोबर वाटीचं हाडही जातंय. नवी वाटी त्याच हाडात घट्ट बसवायची असते. आज शस्त्रक्रिया केली तर काढलेल्या गोळ्याचंच हाड बारीक करून खड्डा भरता येतो आणि नेहमीची वाटी बसते. आणखी सहा महिन्यांनी तिथे जाळी, पत्रा, स्क्रू आणि महागडी खास वाटी लागू शकते. शस्त्रक्रिया लांबते, रक्त जास्त जातं. शिवाय आई खाटेवर पडून राहिली की मांडीचे स्नायू वाळतात, आणि नवा सांधा कितीही चांगला बसला तरी चालवायचा असतो स्नायूंनीच. तारीख येईपर्यंत दोन्ही हातांनी धरायचा वॉकर वापरा. हाडांच्या ठिसूळपणाची तपासणी आणि औषधंही आताच सुरू करा, दुसरा खुबा वाचवायचा आहे.

वय ३५, जालना एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये कामाला आहे. २०२१ मध्ये कोविडमध्ये दवाखान्यात स्टेरॉइड दिलं होतं. नंतर कंबरदुखीसाठी दोन वर्षं एका ठिकाणची पुडी घेत होतो, तिनं चांगला गुण यायचा. आता दोन्ही जांघांत दुखतं, उजवीकडे जास्त. एमआरआयमध्ये एव्हीएन आलंय. एक डॉक्टर म्हणतात दोन्ही खुबे बदला, दुसरे म्हणतात पन्नाशीपर्यंत थांबा. काय करू? (जालना)

भाऊ, आधी पुडीबद्दल. दोन दिवसांत दुखणं थांबतं, भूक वाढते, चेहरा गोल होतो, अशा बिननावाच्या पुडीत बहुधा स्टेरॉइड असतं. तरी ती अजून चालू असेल तर उद्यापासून एकदम बंद करू नका. दीर्घकाळ बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, आणि अचानक तोडलं तर रक्तदाब कोसळू शकतो. फिजिशियनला पुडी दाखवा, ते डोस हळूहळू उतरवतील. शस्त्रक्रिया ठरली तर भूलतज्ज्ञाला हे आवर्जून सांगा. अनेक रुग्ण संकोचानं हे लपवतात, आणि टेबलावर धोका होतो.

एव्हीएन म्हणजे गोळ्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते मरणं. वाळवी लागलेल्या चौकटीसारखं ते बाहेरून काही काळ धड दिसतं, आणि मग भार आला की खचतं. स्टेरॉइड आणि दारू ही त्याची दोन मोठी कारणं. तुम्ही दारूबद्दल काही लिहिलेलं नाही. घेत असाल तर पूर्ण बंद, कमी करून भागणार नाही. कोविडनंतर हा प्रकार वाढेल हे डॉक्टरांच्या लवकर ध्यानात आलं होतं. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. संजय अगरवाला आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्येच चाळिशीच्या आतल्या तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांना कोविड झाल्यापासून सरासरी ५८ दिवसांत खुब्याचं दुखणं सुरू झालं होतं, आणि त्यांनी घेतलेलं स्टेरॉइड काही प्रचंड नव्हतं. स्टेरॉइडनं त्या काळात असंख्य जीव वाचवले, हेही लक्षात ठेवा. तुम्हाला दवाखान्यात दिलं ते चुकलं असं नाही. पुढची दोन वर्षं पुडीतून पोटात गेलं ते मात्र टाळता आलं असतं.

आता दोन डॉक्टरांच्या दोन मतांबद्दल. दोघांनीही दोन्ही खुब्यांना एकच न्याय लावलाय आणि तिथे मला पटत नाही. तुमच्या अहवालाप्रमाणे उजवा गोळा खचलेला आहे, डावा अजून गोल आहे. डावा वाचवायचा प्रयत्न करावा. मेलेल्या भागापर्यंत हाडात छिद्र पाडून आतला दाब कमी करतात, त्याला कोअर डिकम्प्रेशन म्हणतात. ते गोळा खचण्याआधीच उपयोगी पडतं, म्हणून डाव्याची वेळ आत्ता आहे. उजव्यासाठी ती वेळ गेली. त्यावर छिद्र पाडून, तेल लावून किंवा काढे घेऊन खचलेला गोळा पुन्हा गोल होत नाही. चालणं, झोप आणि काम या तिन्हींवर परिणाम झाला असेल तर उजवा बदलावा.

'पन्नाशीपर्यंत थांबा' हा सल्ला जुन्या सांध्यांच्या काळातला आहे. इंग्लंडमधल्या रायटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये धातूचा गोळा आणि पॉलिथिनची वाटी बसवायला सुरुवात केली. तिथून आजची शस्त्रक्रिया घडत आली. तेव्हा पॉलिथिन झिजायचं, म्हणून तरुणांना थांबवत. २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात २५ वर्षांनंतरही सुमारे ५८ टक्के सांधे जागेवर टिकलेले आढळले, आणि ते सांधे आजच्यापेक्षा जुन्या घडणीचे होते. तरी तुमचं वय बघता आयुष्यात एकदा तरी हा सांधा पुन्हा बदलावा लागेल असं धरून चाला. दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड असते. म्हणून तापलेल्या सळ्या ओढायचं, ओझी उचलायचं काम सोडून मिलमध्येच काट्यावर किंवा पॅनेलवर बदली मागा, डॉक्टरांचं पत्र जोडा. पस्तिशीत पंधरा वर्षं लंगडत काढायची, नोकरी घालवायची, कंबर आणि गुडघा बिघडवायचा आणि मग पन्नाशीत बदलायचं, यात मला शहाणपण दिसत नाही.

वडिलांचा गुडघा वर्षभर दुखतोय. गुडघ्याचे एक्स-रे दोनदा काढले, ठीक आहेत. तेल, शेक, गुडघ्यात दोन इंजेक्शनं झाली. फरक नाही, उलट लंगडणं वाढलं. (ता. परतूर)

खुब्याचा एक्स-रे काढा. खुबा आणि गुडघा यांना संवेदना पुरवणाऱ्या नसा सामाईक आहेत, त्यामुळे खुब्याचं दुखणं कैकदा फक्त गुडघ्यातच जाणवतं. घरी एक बघा. वडिलांना उताणं झोपवून गुडघा दुमडा, आणि पावलाला धरून पाय हळूच आत-बाहेर वळवा. जांघेत कळ आली किंवा पाय वळतच नसेल तर दोष खुब्यात आहे. पायाची नखं कापताना किंवा चपलेचा पट्टा लावताना त्रास होतो का, हेही विचारा. आणि एक्स-रे दोन्ही खुबे एकत्र दिसतील असा, ओटीपोटाचा काढायला सांगा.

खुबाच निघाला तर सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेताना दहा वेळा विचार करा. काही रुग्णांत अशा इंजेक्शननंतर, विशेषतः डोस मोठा असेल किंवा पुन्हा पुन्हा दिलं असेल तर, सांधा झपाट्यानं ढासळल्याचं नोंदलं गेलंय. शिवाय इंजेक्शन घेतल्यावर तीन महिने सांधेबदल करत नाहीत, कारण संसर्गाचा धोका वाढतो. झिजेचा वेग जास्त असताना ते तीन महिने महाग पडतात.

तीन एकर मोसंबी आहे, दोन वर्षं बाग साथ देत नाही. आईच्या खुब्यासाठी खासगीत सांगितलेला खर्च झेपणारा नाही. सरकारी योजनेत होतं का? योजनेत हलका सांधा टाकतात असं लोक म्हणतात. (ता. घनसावंगी)

होतं. बाग किंवा वावर गहाण टाकायच्या आधी हे करून बघा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत एकत्र राबवल्या जातात. १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना, रेशनकार्ड कोणत्याही रंगाचं असलं तरी, वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. खुब्याचा सांधेबदल उपचारांच्या यादीत आहे. पण प्रत्येक योजनेतल्या दवाखान्यात प्रत्येक उपचार होत नाही. म्हणून आधी १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या क्रमांकावर फोन करून जालना आणि छत्रपती संभाजीनगरमध्ये हा उपचार नेमका कुठे मंजूर आहे ते विचारा. दवाखान्यात गेल्यावर आरोग्यमित्राच्या टेबलावर आधी जा, रेशनकार्ड आणि आधार तिथे दाखवा. मंजुरी आल्याशिवाय पैसे भरू नका, भरलेले पैसे परत मिळवताना दमछाक होते. संभाजीनगरचं घाटी हे सरकारी रुग्णालय जालन्याहून साठेक किलोमीटरवर आहे. जालन्यात ऑक्टोबर २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, तिथेही चौकशी करा. योजनेत बसलं नाही तर मुख्यमंत्री सहाय्यता निधीच्या आजारांच्या यादीत खुबा बदलणं आहे, तिथे अर्ज करता येतो.

'हलका सांधा' या बोलण्यावर जाऊ नका. तुमच्या आईच्या वयाला धातूचा गोळा आणि चांगल्या प्रतीच्या पॉलिथिनची वाटी पुरेशी आहे. सिरॅमिकचा उपयोग तरुणांना जास्त. महाग आणि नवीन म्हणजे चांगलं, हा समज किती नडतो ते एएसआर सांध्याच्या प्रकरणात दिसलं. धातूवर धातू घासणारा तो सांधा आधुनिक म्हणून विकला गेला. रक्तात कोबाल्ट आणि क्रोमियम उतरू लागलं, आणि ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीला तो जगभरातून परत घ्यावा लागला. भारतात तो सुमारे ४,७०० जणांना बसवला होता, आणि त्यातल्या बहुसंख्यांचा नंतर मागच लागला नाही. कोणता सांधा बसवला याची नोंद रुग्णाकडे नव्हती.

यावरून तुम्ही एक काम नक्की करा. सांध्याच्या प्रत्येक भागाच्या खोक्यात छोटी स्टिकरं येतात, त्यावर कंपनी, आकार आणि लॉट नंबर छापलेला असतो. ती डिस्चार्ज कार्डावर चिकटवून मागा आणि कार्डाचा फोटो काढून ठेवा. खासगीत करणार असाल तर सांध्याचा खर्च बिलात वेगळा लिहून मागा. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्रानं गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींना कमाल मर्यादा घातली. तो आदेश खुब्याच्या सांध्यांना लागू नव्हता, त्यामुळे दोन-तीन ठिकाणी विचारण्यात कमीपणा मानू नका. खुब्यालाही अशी मर्यादा हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

शस्त्रक्रियेनंतर मांडी घालून बसता येईल का? आमच्याकडे खाली बसायचा संडास आहे. खुरपणी, वारी हे सगळं सुटलं का? (ता. मंठा)

काका, शस्त्रक्रिया बहुधा कमरेत भूल देऊन होते, दीड-दोन तास लागतात. दुसऱ्या दिवशी, कधी त्याच दिवशी, वॉकर धरून उभं करतात. जांघेतली जुनी कळ तिथेच गेलेली असते. जखमेचं दुखणं राहतं, पण ते रोज उतरतं. पहिले सहा आठवडे सांधा निसटायचा धोका जास्त असतो. त्या काळात खाली बसायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, झोपताना दोन पायांच्या मध्ये उशी ठेवायची, पडलेली वस्तू वाकून उचलायची नाही. बसाल तिथे गुडघा खुब्यापेक्षा खाली राहिला पाहिजे. म्हणून बाज नको, उंच कॉट घ्या.

संडासाचं काम दवाखान्यात जाण्याआधीच उरकून टाका. मध्ये भोक असलेली, हातांची पक्की कमोड खुर्ची जुन्या भांड्यावर ठेवली तरी भागतं, मोडतोड करावी लागत नाही. तिचे पाय ओल्या फरशीवर सरकत नाहीत ना ते बघा. मोरीत भिंतीला एक दांडा ठोका. रात्री उठायची वाट मोकळी ठेवा, उंबऱ्यापाशी दिवा लावा.

तीन महिन्यांनी तुमचे शल्यविशारद तपासून परवानगी देतील तर मांडी घालून जेवायला बसणं बऱ्याच जणांना जमतं. उकिडवं बसणं मात्र मी कायमचं सोडायला सांगतो. त्यामुळे खुरपणी गेली, मोटार चालू करणं, बागेत फेरी, बसून फळं निवडणं राहिलं. वारीबद्दल पहिलं वर्ष थांबा. पुढे रोजचं चालणं वाढवत नेलंत तर काही टप्पे पायी आणि काही गाडीनं असं करायला माझी हरकत नाही.

जाण्याआधी दातांची कीड, पायाच्या भेगांतला पू, लघवीची जळजळ यांवर इलाज करून घ्या, रक्तातली तीन महिन्यांची साखर आटोक्यात आणा, तंबाखू आणि मिश्री किमान चार आठवडे आधी बंद करा. शंभरात एखाद्याला नव्या सांध्यात संसर्ग होतो, तो टाळण्याचा अर्धा भाग तुमच्या हातात आहे. घरी आल्यावर जखमेतून पाणी येऊ लागलं, पोटरी सुजून दुखू लागली, धाप लागली, किंवा अचानक कळ येऊन पाय आखूड झाला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखान्यात या.

वाचकांना एक विनंती. पत्राबरोबर एक्स-रेचा फोटो पाठवाल तेव्हा त्यावरची तारीख दिसू द्या, आणि जुनी फिल्म घरात असेल तर तिचाही फोटो जोडा. चालू असलेल्या प्रत्येक गोळीचं नाव लिहा, पुडी असेल तर पुडी लिहा. आणि खुब्याच्या दुखण्याबरोबर ताप असेल, किंवा पडल्यानंतर पाय टेकवत नसेल, तर पत्र लिहीत बसू नका, आजच जवळच्या अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा.